आपत्तीचा पहिला तास कोणाचा?

माहीमच्या खाडीवरचा रस्ता आज मुंबईकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो मुळात का बांधला गेला, याचे स्मरण फारसे कोणाला उरलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माहीमहून वांद्र्याला जायचे, तर खाडी होडीने ओलांडावी लागे. पावसाळ्यात आणि वादळवाऱ्यात हा प्रवास जिवावरचा होता. होड्या उलटत, माणसे बुडत. रस्ता हवा, हे कंपनी सरकारला मान्य होते. त्यासाठी खर्च करणे मात्र मान्य नव्हते. अखेर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले आणि १८४५ मध्ये हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. या रस्त्यावर कधीही पथकर घेऊ नये, अशी अट घालायलाही ही दानशूर पारशी महिला विसरली नाही.

या जुन्या घटनेत एक अर्थ दडलेला आहे. संकट वारंवार येते, ते सर्वांना ठाऊक असते, शासनदरबारी त्याचे कागदही तयार होतात. पण कागद आणि माणूस यांमधले अंतर शेवटी समाजालाच भरून काढावे लागते. तेव्हा ते पैशाने भरून निघाले. आज मुंबईच्या महापालिकेकडे पैसा कमी नाही. आज जे अंतर आहे, ते वेगळ्या प्रकारचे आहे आणि ते कोणाच्या देणगीने भरून येणारे नाही.

२६ जुलैची रात्र

याच खाडीत मिठी नदी समुद्राला मिळते. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यापासून निघणारी ही नदी जेमतेम अठरा किलोमीटर लांबीची. अनेक मुंबईकरांना ती नदी आहे, हेच २६ जुलै २००५ पर्यंत ठाऊक नव्हते. नाला समजूनच तिच्याकडे पाहिले जात असे. त्या दिवशी सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यातील नोंद शंभर मिलिमीटरसुद्धा नव्हती. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे ऋतू असावेत, अशी ती स्थिती होती. शहराचे सत्ताकेंद्र दक्षिणेत आणि प्रलय उत्तरेत! माहीम या दोन्हींच्या सीमेवर उभे होते. खाडीच्या पलीकडे कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल पाण्याखाली जात होते आणि खाडीच्या अलीकडे त्याची पुरती कल्पनाही नव्हती.

त्या रात्री रेल्वे बंद पडली, उपनगरांतील वीज गेली, भ्रमणध्वनी मुके झाले. मोटारींच्या बंद काचांआड अडकून माणसे दगावली. लाखो लोक पाण्यातून चालत निघाले. रस्त्यालगतच्या वस्त्यांनी त्यांना चहा पाजला, बिस्किटे दिली, ओल्या कपड्यांतल्या अनोळखी स्त्रियांना आणि मुलांना घरात घेतले. मुंबईत त्या पुराने चारशेहून अधिक बळी घेतले; नंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस आणि अन्य रोगांनी आणखी माणसे नेली.

पुढे वर्षानुवर्षे या रात्रीचा उल्लेख ‘मुंबईचे स्पिरिट’ या दोन शब्दांत होत राहिला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोक कामावर निघाले, याचे देशभर कौतुक झाले. कौतुक खोटे नव्हते. परंतु ज्यांच्यावर शहराच्या रक्षणाचे दायित्व होते, त्यांनीही याच कौतुकात स्वतःला लपवून घेतले. लोकांनी लोकांना वाचवले, हे लोकांचे मोठेपण झाले. लोकांना तसे करावे का लागले, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून गेला.

कागदावरची सिद्धता

वास्तविक तेव्हा महाराष्ट्राकडे आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे नव्हते, असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव परिसर उद्ध्वस्त केला. त्यानंतर आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तयार करणाऱ्या पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्र होता. मुंबईसाठीही आराखडा होता. पर्जन्यजलवाहिन्यांविषयीचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल तर १९९३ मध्येच महापालिकेच्या हाती आलेला होता. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसापुरत्याच आहेत, ती क्षमता दुप्पट केली पाहिजे, हे त्यात स्पष्ट सांगितलेले होते. तो अहवाल बारा वर्षे फडताळात पडून राहिला. त्याला पाय फुटले, ते २६ जुलैचे पाणी ओसरल्यावर.

त्यानंतर बरेच काही घडले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. डिसेंबर २००५ मध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. महापालिकेचा नियंत्रण कक्ष अद्ययावत झाला, १९१६ हा क्रमांक लोकांच्या परिचयाचा झाला, शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. आठ उदंचन केंद्रांची योजना झाली. त्यांपैकी सहा उभी राहिली आणि मोगरा व माहुल ही दोन वर्षानुवर्षे रखडली. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. २०२० मध्ये पुराची पूर्वसूचना देणारी ‘आयफ्लोज’ ही प्रणाली आली. दादर-परळमधील हिंदमाता परिसर म्हणजे दरवर्षी पाण्याची चित्रे काढण्याचे हमखास ठिकाण; तेथील पाणी साठवण्यासाठी प्रमोद महाजन कला उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली प्रचंड टाक्या बांधल्या गेल्या. यंत्रे आली, पंप आले, पडद्यावर नकाशे आले.

आणि तरीही २६ मे २०२५ रोजी, पाऊस नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी येताच, वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी घुसले. ते स्थानक सुरू होऊन पुरते तीन आठवडेही झालेले नव्हते. कोट्यवधी रुपयांच्या स्थानकाला पहिल्याच पावसाने दिलेली ही प्रश्नपत्रिका पुरेशी बोलकी आहे. यंत्रणा उभी करणे म्हणजे सिद्धता नव्हे. सिद्धता म्हणजे त्या यंत्रणेची परीक्षा संकटाने घेण्यापूर्वी आपण घेणे.

नदीचा गळा कोणी आवळला?

सिद्धतेचा विचार करताना मूळ कारणाकडे डोळेझाक करून चालणार नाही. मिठीच्या काठावर आणि पात्रात अतिक्रमणे झाली, ती कोणाच्या आशीर्वादाने झाली, हे मुंबईतील शेंबडे पोरही सांगेल. झोपडी उभी राहते तेव्हा झोपडीदादा पैसे घेतो, नळ येतो तेव्हा पुढारी मते घेतो आणि पूर येतो तेव्हा तेथील गरीब माणूस मरतो. मतपेढीच्या या राजकारणाला पक्षांचे बंधन नाही. मात्र सगळा दोष झोपडीच्या माथी मारणे हे अर्धसत्य ठरेल. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला वाकवले, ते शासकीय यंत्रणेने. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खारफुटी आणि दलदल बुजवली, तीही शासनाच्याच नियोजन प्राधिकरणाने. पूरपाणी पसरण्याची जागा गेली, म्हणून ते घरांत शिरले. गरिबाचे अतिक्रमण बेकायदा असते आणि शासनाचे अतिक्रमण ‘विकास आराखडा’ असतो, एवढाच काय तो फरक! पाण्याला दोन्हींतला भेद कळत नाही.

नदी स्वच्छ करण्याच्या नावाखाली काय चालते, याचीही वाच्यता झाली आहे. मिठीतील गाळ काढण्याच्या कंत्राटांत सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. न्यायालयात काय सिद्ध होईल ते होईल. परंतु ज्या नदीने शेकडो माणसे नेली, तिच्या गाळाबाबत असा संशय घेण्याची वेळ यावी, हीच मोठी शोकांतिका आहे.

इच्छाशक्ती असली तर काय होऊ शकते, याचीही उदाहरणे माहीमच्याच परिसरात आहेत. खाडीलगतच्या जुन्या कचराभूमीवर १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले. जेथे दुर्गंधी होती, तेथे आज झाडांची दाटी आहे. माहीमच्या किल्ल्यात कित्येक दशके झोपड्या होत्या. अडीचशेहून अधिक कुटुंबांना अन्यत्र घरे देऊन अलीकडच्या काळात तो किल्ला मोकळा करण्यात आला. लोकांना देशोधडीला न लावता अतिक्रमण हटवता येते, हे येथे सिद्ध झाले. मग किल्ल्याला जे जमले, ते नदीला का जमू नये?

या शहराच्या इतिहासात त्याचे उत्तरही आहे. १८९६ मध्ये प्लेगने मुंबईला ग्रासले, तेव्हा कोंदट वस्त्या हेच रोगाचे माहेर आहे, असा निष्कर्ष निघाला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते, दुतर्फा झाडी, मोकळी मैदाने ही त्या ट्रस्टच्या योजनांची देणगी आहे. परक्या सरकारला एका साथीने नगररचना शिकवली. स्वकीय शासनाने एका महापुरातून काय शिकावे?

सद्भावना पुरेशी नसते

शासनाच्या चुका मोजून झाल्यावर प्रश्न समाजाकडे वळतो आणि तेथे तो अधिक अवघड होतो. कारण समाज धावून जातो, याविषयी कोणाच्याही मनात शंका नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतील स्फोटांनी माटुंगा रोड ते माहीम हा पट्टा हादरला. एकूण १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रुळांलगतच्या वस्त्यांतून लोक चादरी घेऊन धावले. चादरीचीच झोळी करून जखमींना उचलले गेले. हाताला लागेल त्या वाहनातून रुग्णालयात पोहोचवले गेले. त्या वेळी जखमीची जात, भाषा वा पंथ कोणी विचारला नाही.

पण चादरीत उचललेल्या माणसाचा पाठीचा कणा मोडलेला असेल तर? रक्तस्राव नेमका कोठे दाबून धरायचा, श्वास थांबलेल्याला प्रथम काय करायचे, शंभर जखमींपैकी आधी कोणाला हलवायचे, हे ज्याला ठाऊक नाही, तो देवासारखा धावून आला तरी त्याच्या हातून अनर्थ होऊ शकतो. स्थानकांवर त्या काळी पुरेशी स्ट्रेचरेही नसत. आपत्कालीन वैद्यकीय कक्ष स्थानकांवर आले, ते उच्च न्यायालयात जनहित याचिका होऊन न्यायालयाने कान पिळल्यावर.

सद्भावना प्रशिक्षणाविना घातक कशी ठरते, याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण २९ ऑगस्ट २०१७ चे आहे. त्या दिवशीच्या मुसळधार पावसात शहरातील एक ख्यातनाम डॉक्टर प्रभादेवी परिसरात गुडघाभर पाण्यातून घराकडे चालत निघाले होते. उघड्या मॅनहोलमध्ये ते पडले. त्यांचा देह पुढे वरळीच्या किनाऱ्याला मिळाला. साचलेले पाणी निघून जावे म्हणून परिसरातील रहिवाशांनीच झाकण उघडले होते, असे पोलिसांचे म्हणणे होते. ते खरे असेल, तर झाकण उघडणाऱ्यांच्या मनात कोणाचे वाईट करावे असे खचितच नव्हते. पाणी काढून शेजाऱ्यांची सोय करावी, हाच हेतू असणार. उघड्या झाकणापाशी एक माणूस उभा करायचा, काठीला लाल फडके बांधायचे, एवढी साधी गोष्ट कोणी शिकवली असती, तर एक मौल्यवान जीव वाचला असता.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस माणसे गेली. तेथे ना पूर होता, ना अतिरेकी. होता तो अरुंद पूल, पाऊस, गर्दी आणि भय. २००५ च्या पुरानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या एका वस्तीत ‘धरण फुटले’ अशी आवई उठली आणि पळापळीत अनेकांचे प्राण गेले. पुरातून वाचलेली माणसे एका वाक्याने मारली! संकटात अन्नपाण्याइतकीच विश्वासार्ह माहिती लागते आणि ती देणारा एकच ओळखीचा आवाज लागतो. आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे. म्हणजे आवई पसरवण्याचे साधन २००५ पेक्षा कैक पटींनी वाढले आहे. तो ओळखीचा आवाज मात्र अजूनही नेमलेला नाही.

डोळे होते, तार नव्हती

मुंबईसाठी आपत्ती केवळ आभाळातून येत नाही. ती समुद्रातूनही येते, हे माहीमला वेगळे सांगायला नको. १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मारली गेली. त्या दुपारी माहीमच्या मच्छीमार वसाहतीवर हातबॉम्ब फेकले गेले. या कटासाठीची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि ती उतरू देणाऱ्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आणि पोलीसही होते, हे न्यायालयात सिद्ध झाले. पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी पाकिस्तानातून आलेले दहा अतिरेकी रबरी होडीतून कुलाबा-कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. तेथील कोळी बांधवांना ते परके वाटले. त्यांना हटकलेही गेले. समाजाचे डोळे उघडे होते. त्या डोळ्यांना पोलीस ठाण्याशी जोडणारी तार नव्हती.

यानंतर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र मुंबईत आले, राज्याचे ‘फोर्स वन’ उभे राहिले, किनाऱ्यासाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक जाहीर झाले. परंतु क्रमांक जाहीर होणे आणि तो कोळीवाड्यातल्या नाखव्याच्या तोंडी असणे, यांत पुन्हा तेच कागद आणि माणूस यांमधले अंतर आहे.

संकट इमारतीच्या रूपानेही येते. जून २०१३ मध्ये माहीममधील अल्ताफ मंझिल ही इमारत कोसळली आणि दहा जण दगावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉकयार्ड रोडची महापालिकेच्याच मालकीची इमारत पडली. ६१ जण गेले. गिरगाव, परळ, लालबाग, माहीम येथील जुन्या उपकरप्राप्त इमारतींत राहणाऱ्या हजारो कुटुंबांचा प्रत्येक पावसाळा भीतीत जातो. म्हाडा दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. यादीत नाव आल्यावर त्या कुटुंबाने म्हातारे आईवडील घेऊन त्याच रात्री कोठे जायचे, त्यांना त्याच परिसरात कोण आसरा देणार, याचे उत्तर यादीत नसते.

याच विभागाने घालून दिलेला धडा

हे सारे असाध्य आहे का? मुळीच नाही. महापालिकेच्या ज्या जी-उत्तर विभागात माहीम येते, त्याच विभागात दादर आणि धारावीही येतात. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हा जगाने धारावीचे मृत्युपत्र लिहून ठेवले होते. दहा बाय दहाच्या खोल्या, सामायिक शौचालये, अंतर राखायचे तरी कोठे? परंतु महापालिकेने रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट न पाहता रुग्णाच्या दारी जायचे ठरवले. माहीम-धारावीतील खासगी डॉक्टर गल्लीबोळांतून फिरले. स्थानिक कार्यकर्ते, स्वयंसेवी संस्था, संघाचे स्वयंसेवक, मंदिरे, मशिदी, मंडळे यांतून माणसे पुढे आली. शाळा, सभागृहे विलगीकरणासाठी मिळाली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख आदर्श म्हणून केला. त्याचे श्रेय कोणा एकाचे नाही आणि त्यावरून तेव्हा झालेला वादही निरर्थक होता. धडा एवढाच की, प्रशासनाने समाजाला ‘जमाव’ न समजता ‘सहकारी’ मानले आणि समाजाने मनमानी न करता प्रशासनाची शिस्त मानली, तेव्हा सर्वांत दाट वस्तीसुद्धा वाचली.

ओडिशाचा अनुभवही असाच आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळाने तेथे सुमारे दहा हजार माणसे मारली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या काही डझनांवर रोखली गेली. मधल्या चौदा वर्षांत तेथे निवारे बांधले गेले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावागावांत माणसे तयार झाली. जपानमधील कोबे शहरात १९९५ च्या भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्यांना शेजाऱ्यांनी आणि कुटुंबीयांनी काढले, अग्निशमन दलाने नव्हे. जपानने या अनुभवावरून शेजाऱ्यांच्या संघटनांना अधिक बळ दिले, त्यांना साहित्य दिले, त्यांच्या कवायती घेतल्या.

कोणत्याही देशात, कोणत्याही आपत्तीत पहिला तास शेजाऱ्याचा असतो. २६ नोव्हेंबरला कमांडोंना दिल्लीहून मुंबईत पोहोचायला कित्येक तास लागले. पुरात रुग्णवाहिका पोहोचत नाही, कोसळलेल्या चाळीत अग्निशमन दलाच्या आधी समोरच्या खोलीतला तरुण शिरतो. हे वास्तव आहे. आणि मुंबईच्या आराखड्यात नेमका हाच तरुण नाही. त्यात अधिकारी आहेत, क्रमांक आहेत, पंप आहेत. शेजारी नाही.

यादी आधी, मदत नंतर

२०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली असून महानगरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद करण्यात आली आहे. महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष, अशी ती रचना आहे. ही संधी आहे. पण या प्राधिकरणात केवळ अधिकाऱ्यांच्याच खुर्च्या राहिल्या, तर जुन्याच कागदाला नवे वेष्टन मिळेल. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुढची तीन वर्षे तरी मुंबईत नगरसेवकच नव्हते. पाणी तुंबले तर हक्काने ज्याच्या दारी जावे, असा माणूसच नव्हता. म्हणूनच रचना व्यक्तींवर वा निवडणुकांवर अवलंबून न ठेवता गल्लीपर्यंत नेली पाहिजे.

म्हणजे काय करायचे? माहीमपुरते बोलायचे, तर प्रत्येक सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, प्रत्येक गृहनिर्माण संस्था, कोळीवाड्यातील संस्था, व्यायामशाळा, शाखा, तसेच चर्च आणि दर्गा यांचे विश्वस्त यांच्याकडून ठरावीक तरुण-तरुणींची नावे विभाग कार्यालयाने घ्यावीत. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेने हजारो स्वयंसेवक देशभर तयार केले आहेत. परळला महापालिकेची आपत्ती व्यवस्थापनाची प्रशिक्षण संस्था आहे. तेथे या तरुणांना प्रथमोपचार, दोरखंडाचा वापर, गर्दी वळवणे, वृद्धांना हलवणे यांचे शिक्षण द्यावे. कोणत्या इमारतीत अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, कोणत्या खोलीत एकट्या आजी राहतात, कोणती शाळा रात्री उघडता येईल आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हे त्यांना आधी ठाऊक असावे. पावसाळ्यापूर्वी आणि उत्सवापूर्वी, अशा वर्षातून दोन कवायती व्हाव्यात आणि त्यांत काय चुकले, ते विभाग कार्यालयाच्या फलकावर लावावे. भोंगा देवळाचा असो वा मशिदीचा, संकटात त्यावरून एकच अधिकृत सूचना जावी. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला, तेव्हा देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या. ज्या भोंग्यांचा आवाज एक पिढी विसरली होती, ते पुन्हा वाजले. शत्रूच्या भीतीने जे एक दिवस केले, ते पावसाच्या भीतीने दरवर्षी का करू नये?

यात खर्च नगण्य आहे. अडचण आहे ती मनोवृत्तीची. प्रशासनाला समाज हवा असतो तो संकटानंतर, जेवणाची पाकिटे वाटायला. संकटापूर्वी तो नको असतो, कारण आधी बोलावलेला समाज प्रश्न विचारतो. निधी कोठे गेला, गाळ कोठे टाकला, उदंचन केंद्र का रखडले, असे विचारतो. प्रशिक्षित नागरिक हा सर्वांत जागरूक हिशेबतपासनीस असतो.

संघटित समाजापुढील प्रश्न

अखेरीस एक प्रश्न स्वतःलाही विचारायला हवा. १९७२ च्या दुष्काळातून जनकल्याण समिती उभी राहिली. १९७९ मध्ये मच्छू धरण फुटून मोरबी वाहून गेले, १९९३ मध्ये किल्लारी हादरली, २००१ मध्ये भुज कोसळले. प्रत्येक वेळी स्वयंसेवक आधी पोहोचले. किल्लारीनंतर लातूरजवळ हरंगुळ येथे अनाथ मुलांसाठी शाळा उभी राहिली. परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवेचा आधार देशभरातून येणाऱ्या रुग्णांना मिळाला. सेवेची ही परंपरा अभिमानास्पद आहे.

परंतु परंपरेचा अभिमान कधीकधी गाफीलही करतो. आपत्तीनंतर धावून जाण्याची सवय कार्यकर्त्यांना आहे. आपत्तीपूर्वी बसून यादी करण्याची, दोरीची गाठ शिकण्याची, छातीवर दाब देऊन श्वास परत कसा आणावा याचा सराव करण्याची सवय अजून तितकी रुजलेली नाही. रोज एका तासासाठी एकत्र येणाऱ्या तरुणांना महिन्यातून एक तास यासाठी काढणे कठीण नाही. शताब्दीच्या निमित्ताने ज्या पंचपरिवर्तनाचा विचार समाजापुढे ठेवला गेला, त्यात ‘नागरिक कर्तव्य’ आहे. कर्तव्य म्हणजे केवळ रांगेत उभे राहणे आणि कर भरणे नव्हे. शेजारच्या खोलीतल्या आजींना किती पायऱ्या उतरता येतात, हे माहीत असणे, हेही कर्तव्यच आहे.

आणि हे काम केवळ आपल्या ओळखीच्यांचे करून भागणार नाही. माहीममध्ये बुधवारी नोव्हेनाला गर्दी असते, डिसेंबरात उरूस भरतो, भाद्रपदात चौपाटीवर विसर्जन असते. यांतली कोणतीही गर्दी चेंगरली तर उचलायला जाणारे हात आधी तयार असले पाहिजेत. राष्ट्र ही संकल्पना शेवटी एका गल्लीतल्या परस्परविश्वासावर उभी असते आणि त्या विश्वासाची परीक्षा संकटाच्या रात्री होते.

लेडी अवाबाईंनी खाडीवरचा रस्ता बांधून दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पलीकडच्या तीरावरचा प्रवासी होता. तो कोण, कुठला, याची त्यांनी चौकशी केली नाही. कंपनी सरकार हिशेब करत बसले होते, म्हणून हे काम त्यांना करावे लागले. आजच्या शासनाला हिशेब चुकवता येऊ नयेत, यासाठी समाजाने जागे राहिले पाहिजे. आणि शासन पोहोचेपर्यंतचा तो पहिला तास वाया जाऊ नये, यासाठी तयारही राहिले पाहिजे. पुढचा पावसाळा यायला फार अवकाश नाही. आपल्या गल्लीची यादी कोणाकडे आहे, एवढे प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने आणि प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने या आठवड्यात विचारून पाहावे. ती कोणाकडेच नाही, असे उत्तर मिळाले, तर काम कोठून सुरू करायचे, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.